बिनानंबरची स्कूटर आणि दिरांचा कायदा

वकीलताई,
माझे धाकटे दीर आमच्याकडेच राहतात. वय ४१, लग्न केलं नाही, नोकरी चांगली, स्वभावाने अगदी गरीब. त्रास फक्त शनिवारचा. शनिवारी मुलुंडला मित्राकडे ‘बसतात’ आणि साडेबारा-एकला घरी येतात. धुळवडीला बाइकवरून येताना नाकाबंदीत सापडले. कोर्टात १०,००० रुपये भरले, लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. मला वाटलं, आता तरी सुधारतील. तर पंधरा दिवसांत इलेक्ट्रिक स्कूटर दारात. तिला नंबर प्लेट नाही, लायसनही लागत नाही. बिल ह्यांच्या नावावर आहे, कारण हप्ते ह्यांच्या कार्डावर पडतात. काही बोललं की भाऊजी म्हणतात, “वहिनी, कायद्याने ही गाडीच नाही, सायकल आहे. पिऊन चालवली तरी केस होत नाही.” गेल्या शनिवारी गुडघा सोलून आले. एलबीएस रोडला खड्ड्यात गेली म्हणाले. हे म्हणतात, तू कशाला मध्ये पडतेस, तो काय लहान आहे? ताई, खरंच ती गाडी नाही का? आणि कधी कधी हे मित्र खाली कंपाउंडमध्ये एकाच्या कारमध्ये एसी लावून बसतात, ते तरी चालतं का?
— एक वहिनी, भांडुप

वहिनी,

सही तुम्ही तशीच केली आहे, म्हणून मीही तुम्हाला तेच म्हणते.

तुमचे दीर थापा मारत नाहीत. त्यांनी कुठेतरी वाचलंय, आणि जे वाचलंय ते अर्धं बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत पूर्ण अडाणी माणूस क्वचितच फसलेला असतो, कारण तो घाबरून विचारून घेतो. फसतो तो अर्धं वाचलेला.

दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम आहे मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं १८५. ते ‘मोटार वाहन’ चालवणाऱ्याला किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याला लागतं. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की झालं. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. हा गुन्हा रस्त्यावर चलान फाडून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. ते दिरांनी अनुभवलंच आहे.

मग मोटार वाहन म्हणजे काय? ते त्याच कायद्याच्या कलम २, पोटकलम २८ मध्ये आहे. यांत्रिक शक्तीने चालणारं आणि रस्त्यावर वापरण्याजोगं कुठलंही वाहन. शक्ती आतून मिळो की बाहेरून. (बाहेरून म्हणजे कशी, तर १९६२ ते १९७१ मुंबईत बेस्टच्या ट्रॉलीबस होत्या, वरच्या तारांमधून वीज घेऊन चालणाऱ्या. तशी.) बॉडी न बसवलेली नुसती चासीसुद्धा मोटार वाहन. ट्रेलरसुद्धा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरमागे मूर्तीचा ट्रेलर जोडलेला असतो, तोही यात आला. कार्यकर्ते हाताने ढकलतात ती चाकांची ट्रॉली मात्र नाही, तिला यांत्रिक शक्ती कुठे आहे? जेसीबी, रोड रोलर वगैरेंबद्दल लोकांना शंका असते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच खोदकामाची यंत्रं आणि रोड रोलर यांना मोटार वाहन म्हटलंय.

यातून वगळलंय काय? रुळांवर चालणारी वाहनं, फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आत वापरण्यासाठी बनवलेली खास वाहनं, आणि चारपेक्षा कमी चाकं व २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली वाहनं. जुनी लुना आठवते? पायडल होते, दिसायला सायकलची बहीण, पण इंजिन ५० सीसीचं, म्हणून तिलाही नंबर प्लेट. लोकलचा मोटरमन १८५ खाली येत नाही, पण तो सुटला असं समजू नका. ड्यूटीवर नशेत असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यासाठी रेल्वे कायद्यात स्वतंत्र कलम आहे, आणि प्रवाशांच्या जिवाला धोका होण्याजोगं काम त्याच्याकडे असेल तर एक वर्षापर्यंत कैद.

आता दिरांच्या मुद्द्यावर येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवरच्या वाहनांची व्याख्या आहे आणि तिथे एक सवलत आहे. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि हे सगळं अधिकृत चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने, तपासून मान्य केलेलं असेल, तर ते वाहन ‘मोटार वाहन’ समजलं जात नाही. म्हणून त्याला नोंदणी नाही, लायसन नाही आणि कलम १८५ पण नाही. दिरांचं बरोबर असलेलं अर्धं ते हेच.

उरलेलं अर्धं असं की नंबर प्लेट नसल्यामुळे गाडी सायकल होत नाही. आधी ती त्या मापात बसावी लागते, मग नंबर प्लेटची गरज संपते. लोक हे उलटं वाचतात. दुकानदार सांगतो, “साहेब, आरटीओची झंझट नाही,” आणि गिऱ्हाइकाला वाटतं कायद्याने सोडलं. कायद्याने सोडलेलं असतं फक्त ते चाचणीचं मॉडेल, ज्या अवस्थेत चाचणीला गेलं त्या अवस्थेत.

मागे माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, अशीच स्कूटर घेऊन. स्कूटर खरोखर मंजूर मॉडेलची. कागद व्यवस्थित फाइलला लावलेले. आम्ही सीट उचलली. बॅटरीच्या बाजूने तारांचा जुडगा गेलेला, त्यात एक पातळ तार मध्येच तोडलेली आणि तिच्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली. टेप नवी, बाकी सगळ्यावर धूळ. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, “स्पीड लॉक होता, दुकानातल्या पोराने काढून दिला, शंभर रुपये घेतले.” लॉक काढल्यावर स्कूटर चाळीसला पळत होती. म्हणजे शंभर रुपयांत त्यांनी सायकलची मोटार वाहन करून घेतली होती, बिननोंदणीची आणि बिनविम्याची. बिचाऱ्यांना वाटत होतं, सर्व्हिसिंग झालं.

हे इतकं सर्रास चालतं की २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाला अशा बेकायदा आणि फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमच उघडावी लागली होती.

तुम्ही लिहिलंय की दीर मुलुंडहून ‘दहा मिनिटांत’ येतात, असं ते फुशारकीने सांगतात, हे पत्राच्या शेवटच्या ओळींत आहे, मी वर छापलं नाही. वहिनी, मुलुंडहून भांडुप, मध्ये नाहूर, सिग्नल आणि खड्डे धरून, पंचवीसच्या आतल्या वेगाने दहा मिनिटांत? मला तिथेच तोडलेली तार दिसली. माझा अंदाज चुकीचा निघाला तर आनंदच आहे. तपासणं सोपं आहे, खाली सांगते.

समजा, ती गाडी पंचवीसच्या वर पळते. मग त्या एका स्कूटरवर काय काय बसतं ते मोजा. दुसऱ्यांदा १८५, म्हणजे दोन वर्षांपर्यंत. लायसन निलंबित असताना चालवणं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये. बिननोंदणी वाहन, ५,००० पर्यंत. विमा नाही, तीन महिन्यांपर्यंत किंवा २,०००. मालकाने वाहनात बेकायदा फेरफार केला, त्याचं वेगळं कलम. नाकाबंदीतल्या हवालदाराला हे सगळं पाठ नसेल कदाचित, पण तो स्कूटर पोलीस स्टेशनला नेईल आणि तिथे कुणाला तरी असतंच.

पण पत्रातलं ज्या वाक्याने मी खुर्चीत सरळ बसले ते तुम्ही सहज लिहून गेलात. बिल ह्यांच्या नावावर.

लायसन नसलेल्या किंवा निलंबित असलेल्या माणसाला आपलं मोटार वाहन चालवू देणं हा मालकाचा गुन्हा आहे, कलम ५ आणि १८०. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये किंवा दोन्ही. ते जाऊ द्या, दंड भरता येतो. त्या स्कूटरने उद्या भांडुप स्टेशनबाहेर एखाद्या म्हाताऱ्याला उडवलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागितली जाईल ती चालवणाऱ्याकडून आणि मालकाकडून. एरवी ही रक्कम विमा कंपनी भरते. चालक प्यालेला असला तरी ज्याला उडवलं त्या तिसऱ्या माणसाला सहसा कंपनीकडून पैसे मिळतात, मग कंपनी मालकाकडे बघते. इथे विमाच नाही. वसुली थेट तुमच्या यजमानांच्या मिळकतीवर. तुमचा भांडुपचा ब्लॉक कुणाच्या नावावर आहे, हे मी विचारत नाही, तुम्हीच आठवा.

आता ‘तू मध्ये पडू नकोस’ म्हणणाऱ्या तुमच्या ह्यांना हे वाचायला द्या. ते आधीच मध्ये आहेत, बिलावर सही करून.

बरं, दुसरी बाजू. समजा स्कूटर खरोखर २५० वॉटच्या आतली, वेग पंचवीसच्या आत, तार शाबूत. १८५ लागत नाही, हे मी मान्य करते आणि दिरांना तसं सांगायला हरकत नाही. खोटं सांगून माणूस सुधारत नाही. पण कलम १८५ म्हणजे सगळा कायदा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २८१ आहे. सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन हयगयीने, माणसाच्या जिवाला धोका होईल असं चालवलं किंवा स्वारी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तिथे ‘मोटार’ हा शब्दच नाही. साधी सायकलही त्यात येते आणि घोडाही. मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरिया होत्या, ज्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंद करायला सांगितल्या, त्यांच्या गाडीवानाला १८५ लागलं नसतं, पण हे लागलं असतं. नशेत सार्वजनिक ठिकाणी त्रास दिला तर कलम ३५५, चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा समाजसेवा. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदाही आहेच, १९४९ चा, त्यातलं कलम ८५ रस्त्यात झिंगून गैरवर्तन करणाऱ्यासाठी. आणि कुणाचा जीव गेला तर हयगयीने मृत्यूचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. स्कूटर किती वॉटची आहे, हे ते कलम विचारत नाही. त्याहून गंभीर कलमही लागू शकतं. कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधासाठीची तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

एक गंमत सांगते, म्हणजे ‘वाहन’ या शब्दावर किती विसंबायचं ते कळेल. याच राज्याच्या पोलीस कायद्यात, १९५१ च्या, वाहनाच्या व्याख्येत हातगाडी आहे, सायकल, तीनचाकी, मोटारकार, पार होडी आणि विमानापर्यंत. म्हणजे मुलुंडहून निघालेले तुमचे दीर एका कायद्यात वाहनावर बसलेले आहेत, दुसऱ्यात कदाचित नाहीत. घरी येताना ते कुठल्या कायद्यातून येतात, हे त्यांना तरी सांगता येईल का? जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केले. इंग्लंडमध्ये तर १८७२ चा कायदा आहे, त्यात झिंगलेल्या माणसाच्या ताब्यात बग्गी, घोडा, गुरंढोरं, वाफेचं इंजिन यातलं काहीही असलं तरी तो गुन्हा. आपल्याकडे बैल घेऊन निघालेल्याला तशी भीती नाही, एवढंच.

कंपाउंडमधल्या कारबद्दल. मागच्या सीटवर बसून पिणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. कलम ‘चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना’ असं म्हणतं. पण एसीसाठी इंजिन चालू, आणि एक जण स्टिअरिंगमागे? तो ‘मी फक्त हवा खात होतो’ म्हणेल, आणि समोरचा पोलीस ‘निघायच्या बेतात होता’ म्हणेल, आणि हा वाद रात्री एक वाजता जिंकायचा नसतो. फुंकणीची चाचणी घ्यायचा पोलिसांचा अधिकार सार्वजनिक ठिकाणापुरता आहे. फाटक लावलेलं सोसायटीचं आवार त्यात येतं का, यावर वकील भांडू शकतात. ‘गाडी जरा बाजूला घेतो’ म्हणून फाटकाबाहेर चार फूट आली की भांडायला काही उरत नाही. आणि बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेताना मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरणारासुद्धा कायद्याने ड्रायव्हरच. हे फार जणांना माहीत नसतं.

आता काय करायचं ते.

पंचांग बघा. गटारी झाली की श्रावण. तुमचे दीर श्रावण पाळतात का, तुम्ही लिहिलं नाहीत, पण भांडुप-मुलुंडमधले अर्धे ‘बसणारे’ पाळतात, ते माझ्या धंद्याच्या अनुभवाने सांगते. महिनाभर शनिवार कोरडे. बोलायचं ते या महिन्यात, रविवारी सकाळी, पोह्यांवर. शनिवारी रात्री दार उघडताना एक शब्दही नको. तेव्हा ते ऐकत नाहीत आणि तुमचं फक्त बीपी वाढतं.

बोलताना ‘पिऊ नका’वरून सुरुवात करू नका. ‘भाऊजी, चला, तुमची सायकल बघू’ असं म्हणा. सीट उचला. तोडलेली किंवा टेप गुंडाळलेली तार दिसते का बघा. मोटर मागच्या चाकात असेल, तिच्यावर किंवा चौकटीवर वॉटचा आकडा कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. तो २५० किंवा वर असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, कुणीतरी बाजूने दुसऱ्या गाडीवर मोबाइलमधल्या जीपीएसवर वेग बघत जावं. दुकानदाराकडून चाचणी संस्थेच्या मंजुरीची प्रत मागा, तीही नेमक्या त्याच मॉडेलची. ‘देतो, देतो’ म्हणत राहिला तर उत्तर मिळालं समजा.

तार तोडलेली निघाली तर ती परत जोडून घ्यायची, आणि तोपर्यंत स्कूटर जिन्याखाली. बॅटरी वर नेऊन चार्ज करत असतील ना? मग शनिवारी संध्याकाळी चार्जर तुमच्या कपाटात राहू दे. हा काही कायदा नाही, घरातल्या बाईचा अधिकार आहे. आणि शनिवारच्या परतीसाठी रिक्षा. मध्यरात्रीनंतर मीटरच्या सव्वापट होतं, ते पैसे तुमच्या ह्यांनी द्यावेत असं मी सुचवते, कारण वाचतो आहे त्यांचाच फ्लॅट.

गुडघा सोलल्याचं तुम्ही लिहिलंत. एक विचारून ठेवा: दिरांची पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी आहे का? असेल तर तिच्यातला ‘वगळलेल्या गोष्टी’ हा परिच्छेद त्यांना स्वतःला मोठ्याने वाचायला लावा. नशेत असताना झालेली इजा तिथे बहुतेक वेळा लिहिलेली असते. माझं किंवा तुमचं बोलणं त्यांना टोचेल, कंपनीचं छापील वाक्य टोचत नाही, ते सरळ आत जातं. गाडीच्या बाबतीतही तेच: चालक नशेत असेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलंय, आणि त्या प्रकरणात फुंकणीची चाचणीसुद्धा झालेली नव्हती.

सप्टेंबरमध्ये त्यांचं लायसन परत मिळेल, तेव्हा बाइक पुन्हा बाहेर येईल. त्याबद्दल पुढच्या पत्रात बोलू. आधी सीटखालचा फोटो आणि वॉटचा आकडा कळवा.